पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यावा: नव्या संशोधकांसाठी

प्रबंधातले दुसरे प्रकरण बहुतेक वेळा लिटरेचर रिव्ह्यूचे असते. "अमुक यांनी अमुक साली अमुक जिल्ह्यात अभ्यास केला, त्यांचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे" असे साठ-सत्तर परिच्छेद एकाखाली एक येतात आणि शेवटी "या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही" असे वाक्य येते. परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात: एवढे अभ्यास झाले असतील तर झाले नाही ते नेमके काय? ज्या आढाव्याला याचे उत्तर देता येत नाही, तो कितीही जाड असला तरी अपुरा असतो. कोणाला काय कळले, ते कशावरून कळले आणि कोण कुठे थांबले, हे वाचणाऱ्याला समजले पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हवेत बोलण्यापेक्षा एकच विषय शेवटपर्यंत हाताशी धरू: ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि समाजकार्य या चारही विभागांत हा विषय घेणारे विद्यार्थी भेटतात. तुमचा विषय वेगळा असला तरी कामाची पद्धत हीच राहील.

विषयाचा प्रश्न करा

"ऊसतोड कामगारांचे प्रश्न" हा विषय झाला. त्यावर शोध घेतला तर आरोग्य, कर्ज, सहकार, राजकारण, स्त्रियांचे श्रम असे सगळेच समोर येते आणि दोन महिन्यांत माणूस दमतो. प्रश्न असा हवा: "बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामात गाव सोडतात तेव्हा सहा ते चौदा वयोगटातील मुलांच्या शाळेतील हजेरीवर काय परिणाम होतो आणि हंगामी वसतिगृहांमुळे तो किती कमी होतो?" यात ठिकाण आहे, वयोगट आहे, परिणाम मोजण्याची बाब आहे आणि उपाय आहे. वाचताना हाती आलेला प्रत्येक लेख या चारांपैकी कशाशी जोडला जातो, हे लगेच ठरवता येते. कशाशीच जुळत नसेल तर तो कितीही चांगला असला तरी बाजूला ठेवा.

प्रश्न पहिल्या दिवशी पक्का होत नाही. दहा-पंधरा लेख वाचल्यावर तो बदलतो आणि बदललाच पाहिजे. मात्र काहीच न लिहिता शोधायला बसू नका. दोन ओळींचा कच्चा प्रश्न आणि गाईडशी अर्धा तास चर्चा, एवढे आधी करून घ्या.

शोधशब्दांची यादी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. विद्यार्थी एक-दोन शब्द टाकतो, पहिल्या दोन पानांवरचे निकाल उतरवून घेतो आणि साहित्य संपले असे समजतो. आपण ज्याला ऊसतोड म्हणतो त्याला इंग्रजी लेखांत शुगरकेन हार्वेस्टर, केन कटर, शुगरकेन वर्कर, मायग्रंट लेबर अशी किमान चार नावे आहेत. स्थलांतराचेही तसेच आहे: सीझनल, सर्क्युलर, शॉर्ट-टर्म, डिस्ट्रेस. मुलांबाबत चिल्ड्रन ऑफ मायग्रंट्स, आउट-ऑफ-स्कूल, ड्रॉपआउट, चाइल्ड लेबर. मराठीत ऊसतोड, ऊस तोड, ऊसतोडणी, उसतोड असे लेखन आढळते आणि शोधयंत्राच्या दृष्टीने हे चार वेगळे शब्द आहेत. कोयता, मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा), उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), टोळी, साखरशाळा (कारखान्याच्या तळावरची मुलांची शाळा) हे या क्षेत्राचे स्वतःचे शब्द रोमन लिपीतही शोधा. इंग्रजी लेखांत ते तसेच वापरतात आणि त्यांच्यामुळे थेट कामाचा लेख सापडतो.

ठिकाणांच्या नावांकडे विशेष लक्ष द्या. १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेच्या इंग्रजी पुस्तकांत बीडचे नाव भीर असे छापले आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचे अहवाल मुंबईच्या नव्हे तर हैदराबादच्या नावाखाली मिळतात. जालना १९८१ मध्ये आणि लातूर १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या तक्त्यात जालना दिसत नाही म्हणजे माहिती नाही असे नव्हे, ती औरंगाबाद आणि परभणीच्या आकड्यांत मिसळलेली आहे. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी जुनी आणि नवी दोन्ही नावे टाकून शोधावे लागते. नामांतरापूर्वीचे लेख नव्या नावाने सहसा सापडत नाहीत.

कागदावर तीन रकाने पाडा: माणसे, प्रक्रिया, ठिकाण. प्रत्येक रकान्यात पाच ते आठ शब्द लिहा आणि एकेका रकान्यातला एकेक शब्द जोडून शोध घ्या. ही यादी जपून ठेवा, शोध कसा घेतला ते प्रकरणात सांगताना ती लागते.

कुठे शोधायचे

सुरुवात गुगल स्कॉलरने करायला हरकत नाही. पण ते नीट वापरा. दोन-तीन शब्दांचा नेमका समूह हवा असेल तर अवतरणचिन्हांत घाला. पर्यायी शब्दांमध्ये 'ऑर' हा इंग्रजी शब्द कॅपिटल अक्षरांत लिहा, लहान अक्षरांत लिहिला तर तो पर्याय म्हणून धरला जात नाही. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह द्या. ऊस म्हटले की कृषिशास्त्राचे, म्हणजे वाण, खत, रोग यांचे लेख ढिगाने येतात. वजा लावून ते गाळले तर निम्मी डोकेदुखी कमी होते. एका शोधाचे जास्तीत जास्त एक हजार निकाल दिसतात, तेव्हा "चाळीस हजार निकाल आले" या आकड्याला अर्थ नाही. शोध अरुंद करा.

गुगल स्कॉलरचा खरा उपयोग प्रत्येक लेखाखालच्या 'साइटेड बाय' या दुव्यात आहे. इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत १९७८ मध्ये यान ब्रेमन यांचा दक्षिण गुजरातेतल्या बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवरचा लेख आला. तिथे तोडणीला येणारे मजूर मोठ्या संख्येने आपल्या खानदेशातले होते. हा लेख उघडा आणि खालचा दुवा दाबा. गेल्या चार-पाच दशकांत ज्यांनी ज्यांनी तो आधाराला घेतला, ते लेख एका ठिकाणी दिसतील. 'विदिन सायटिंग आर्टिकल्स' या चौकटीत खूण करून एज्युकेशन किंवा चिल्ड्रन असा शब्द टाकला की यादी आटोक्यात येते. उलट दिशेने त्या लेखाच्या शेवटची संदर्भसूची पाहिली की त्याआधीचे काम कळते. एक चांगला लेख असा पुढे आणि मागे दोन्हीकडे चाळला तर पन्नास विस्कळीत शोधांपेक्षा जास्त हाती लागते.

भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून ती चालवली जाते आणि तिथे लाखो प्रबंध आहेत. प्रबंध प्रकरणांनुसार सुट्या पीडीएफ फायलींत असतो, म्हणून सगळा उतरवून घ्यायची गरज नाही. आधी अनुक्रमणिका, संशोधनपद्धती आणि निष्कर्ष पाहा. दोन ठिकाणी जपा. नोंदीत प्रबंध पूर्ण झाल्याची आणि अपलोड झाल्याची अशा दोन तारखा असू शकतात. संदर्भात पदवीसाठी सादर केल्याचे वर्ष द्या. दुसरे, मराठीतले अनेक जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा स्कॅन केलेले आहेत. त्यांच्या आतला मजकूर शोधयंत्राला वाचताच येत नाही. म्हणून मराठी शब्द टाकून काही आले नाही तरी हार मानू नका. विद्यापीठ, विभाग आणि वर्ष या क्रमाने यादी उघडा आणि शीर्षके डोळ्यांखालून घाला. दोन-तीन तासांचे काम आहे, पण मराठवाड्यातल्या विद्यापीठांतून या विषयावर झालेले काम असेच सापडते.

पैसे भरून वाचायचे लेख कसे मिळवायचे हा पुढचा प्रश्न. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तिच्यातून खुली झाली. तुमची संस्था तिच्यात आहे का आणि घरून लॉगिन कसे करायचे, हे ग्रंथपालांना विचारा. महाविद्यालयात असाल तर एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-नियतकालिके आणि ई-पुस्तकांच्या योजनेच्या लॉगिनची चौकशी करा. हे पासवर्ड बहुतेक ग्रंथालयांत असतात, पण मागणारे फार थोडे. शिक्षणविषयक लेखांसाठी अमेरिकी शिक्षण खात्याचा एरिक हा संग्रह सगळ्यांना मोफत खुला आहे. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवायचे साधन लेखाची कायदेशीर मोफत प्रत असेल तर ती दाखवते. एवढे करूनही मिळाला नाही तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा, बरेच लेखक प्रत पाठवतात.

इंटरनेटवर नसलेले साहित्य विसरू नका. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात शेती, सहकार आणि जुन्या सर्वेक्षणांचे अहवाल आहेत. मराठी पुस्तके आणि नियतकालिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. इतिहासाकडे झुकणारा विषय असेल तर शंकर गणेश दाते यांनी केलेली मराठी ग्रंथसूची उघडा. १८०० ते १९३७ या काळातली छापील मराठी पुस्तके तिच्यात वर्गवारीने नोंदलेली आहेत आणि १९५० पर्यंतचा पुढचा भागही आहे. ग्रंथालयात जाण्याआधी शोधायच्या पुस्तकांची यादी आणि संस्थेचे ओळखपत्र बरोबर घ्या. काही ठिकाणी गाईडचे पत्र मागतात.

आपल्या विषयात सरकारी समित्यांचे अहवाल, स्वयंसेवी संस्थांच्या पाहण्या आणि शासन निर्णय यांचे वजन मोठे आहे, कारण ऊसतोडीबद्दलची पुष्कळ माहिती संशोधनपत्रिकांत आलेलीच नाही. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार मिळतात. निर्णयाचा क्रमांक आणि तारीख त्याच वेळी उतरवून घ्या.

शोधाची वही

एक्सेलमध्ये किंवा साध्या वहीत पाच रकाने करा: तारीख, कुठे शोधले, कोणते शब्द जसेच्या तसे, किती निकाल आले, किती ठेवले. प्रत्येक शोधानंतर एक ओळ लिहायला मिनिटभर लागतो. हे न केल्याचा त्रास चार महिन्यांनी होतो. तोच शोध पुन्हा पुन्हा घेतला जातो आणि संशोधन सल्लागार समितीने "साहित्य कसे निवडले?" असे विचारले की सांगायला काही नसते.

चाळणी

पहिल्या फेरीत दीडशे-दोनशे शीर्षके जमणे साहजिक आहे. ती सगळी वाचायची नसतात. शीर्षकावरून निम्मी गाळा. उरलेल्यांचे सारांश वाचा आणि साठेक ठेवा. त्यांतले तीस-चाळीस पूर्ण वाचायचे आणि दहा-पंधरा दोनदा, पेन्सिल हातात घेऊन. पीएच.डी.चा अंतिम आढावा याहून मोठा होतो, एम.ए.च्या लघुप्रबंधाला याच्या निम्मेही पुरते. पण प्रमाण साधारण असेच राहते.

गाळताना कारण लिहा: "वयोगट वेगळा", "फक्त आरोग्य", "पद्धत सांगितलेली नाही". पत्रिकेचा दर्जाही इथेच पाहा. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर ही मान्य पत्रिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "यादीत आहे म्हणजे चांगली" हा सोपा आधार आता राहिला नाही. स्वतः तपासा: संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का आणि त्यांच्या संस्थेच्या पानावर त्यांची नावे आहेत का, पत्रिका एकाच अंकात ऊस, नॅनो तंत्रज्ञान आणि संतसाहित्य छापते का, लेख पाठवल्यापासून तीन-चार दिवसांत स्वीकारल्याची जाहिरात करते का. प्रतिष्ठित पत्रिकेच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळेही आहेत. आयएसएसएन, म्हणजे पत्रिकेचा ओळख क्रमांक, अधिकृत पोर्टलवर टाकून नाव जुळते का ते पाहा. लेख नंतर मागे घेतला गेला नाही ना, हेही पाहावे लागते. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असा लेख असेल तर ते आपणहून इशारा देते.

वाचायचे कसे

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचू नका. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग तक्ते, मग संशोधनपद्धती. यात वीस मिनिटे जातात आणि लेख पूर्ण वाचण्यालायक आहे की नाही ते कळते. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालते.

पद्धतीचा भाग मात्र कधी वगळू नका. नवीन संशोधक निष्कर्ष उतरवून घेतो आणि तो कशावर उभा आहे हे पाहत नाही. आपल्या विषयातलेच उदाहरण घ्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४व्या फेरीत, म्हणजे २००७-०८ मध्ये, अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हटले? जो मागच्या ३६५ दिवसांत रोजगारासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिला त्याला. ऊसतोडीची टोळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघते आणि गाळप लांबले तर एप्रिल उजाडतो. काही कुटुंबांचा मुक्काम सहा महिन्यांच्या रेषेवर येतो. ज्यांचा तो रेष ओलांडतो ती या व्याख्येतून निसटतात, आणि गाव कायमचे सोडलेले नसल्याने जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यातही ती नीट दिसत नाहीत. मोठ्या सर्वेक्षणावर आधारलेला लेख "हंगामी स्थलांतराचे प्रमाण कमी आहे" असे म्हणत असेल, तर ती वस्तुस्थिती असू शकते किंवा व्याख्येचा परिणाम असू शकतो. हा फरक तुम्ही दाखवला की आढाव्याला वजन येते.

शाळेच्या आकड्यांचेही तसेच. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल मात्र कारखान्याच्या तळावर असते. पटनोंदणीवर आधारलेल्या अभ्यासाला ते शाळेत दिसते, प्रत्यक्ष हजेरी मोजणाऱ्या अभ्यासाला दिसत नाही. किती दिवस सलग गैरहजर राहिल्यावर मूल शाळाबाह्य धरायचे, ही मर्यादाही सगळ्या अहवालांत सारखी नसते. दोन अभ्यासांचे निष्कर्ष उलट आले की आधी दोघांनी काय मोजले ते शेजारी शेजारी लिहा. बरेच वाद तिथेच मिटतात, आणि जे मिटत नाहीत ते तुमच्या कामाचे असतात.

तक्ता

वाचलेल्या प्रत्येक लेखाची एक ओळ एक्सेलमध्ये भरा. रकाने एवढे पुरेत:

लेखक आणि वर्ष, संशोधनाचा प्रश्न, ठिकाण आणि कोणत्या हंगामातली माहिती, नमुना किती आणि कसा निवडला, मुख्य संज्ञेची व्याख्या, निष्कर्ष (पृष्ठक्रमांकासह), लेखकाने मान्य केलेली मर्यादा, तुम्हाला जाणवलेली मर्यादा, माझ्या प्रश्नाशी संबंध.

शेवटचे दोन रकाने स्वतःच्या शब्दांत भरायचे आहेत, म्हणून ते रिकामे राहतात. "उपयुक्त अभ्यास" एवढेच लिहिले असेल तर ती ओळ भरली नाही असे समजा. "मुकादमांच्या यादीवरून कुटुंबे निवडली, मुकादमाशी बिनसलेली किंवा स्वतंत्रपणे गेलेली कुटुंबे सुटली" अशी नोंद हवी. पृष्ठक्रमांक राहिला तर प्रबंध लिहिताना त्या एका वाक्यासाठी पुन्हा चाळीस पाने उलटावी लागतात.

वाक्य जसेच्या तसे उतरवले असेल तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे लावा. सहा महिन्यांनी आपल्याच वहीतले कोणते वाक्य आपले आणि कोणते लेखकाचे हे ओळखता येत नाही. नकळत होणारी पुष्कळशी वाङ्मयचौर्ये इथे जन्माला येतात.

आकड्याच्या मुळाशी जा

महाराष्ट्रात ऊसतोड कामगार किती? एक लेख आठ-दहा लाख म्हणतो, दुसरा चौदा-पंधरा लाख. दोघांचेही संदर्भ पाहा. बहुतेक वेळा तो आकडा एका बातमीतून, ती बातमी एका निवेदनातून आणि निवेदन एखाद्या अंदाजातून आलेले निघते. काही ठिकाणी कोयते मोजलेले असतात आणि काही ठिकाणी माणसे. एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे एकक न सांगता आकडा उचलला तर तो एका फटक्यात दुप्पट किंवा निम्मा होतो. मूळ कागदापर्यंत पोहोचता आले तर मूळच उद्धृत करा. नाही पोहोचता आले तर "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" असे स्पष्ट लिहा. न वाचलेला मूळ अहवाल वाचल्यासारखा संदर्भात घालणे हा खोटेपणा आहे, आणि मूळ लेखकाने चूक केली असेल तर ती तुमच्या नावावर जमा होते.

अंश आणि छेद दोन्ही लिहायची सवय लावा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सुमारे १७ टक्के, आणि तेही पाहणी झालेल्या ऊसतोड स्त्रियांपैकी. नुसते "तेरा हजार शस्त्रक्रिया" किंवा "बीडमधल्या सतरा टक्के बायका" असे लिहिले तर पहिल्यात प्रमाण हरवते आणि दुसऱ्यात सरळ चूक होते.

प्रकरण लिहिणे

तक्त्यात पंचवीस-तीस ओळी झाल्या की लिहायला घ्या, सगळे वाचून होण्याची वाट पाहू नका. तक्ता लेखकांच्या नावांनी न लावता निष्कर्षांनी लावा. कोण एकाच बाजूला उभे आहेत, कोण विरुद्ध, कोणी कशाला हातच लावला नाही, हे दिसू लागते. तेच तुमचे उपविषय. या विषयात ते असे पडू शकतात: कुटुंब मुलांना बरोबर का नेते, पटावरचे मूल आणि वर्गातले मूल, साखरशाळांचा अनुभव, हंगामी वसतिगृहे आणि नातेवाइकांकडे मूल ठेवणे, मुलींच्या वाट्याला येणारी कामे.

लिहिण्यातला फरक पाहा. पुढचे अभ्यास केवळ नमुन्यासाठी कल्पिलेले आहेत. कच्चा परिच्छेद असा असतो: "'अ' यांनी शंभर कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांना मुलांची गळती जास्त आढळली. 'ब' यांनी दोनशे कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांना गळती कमी आढळली. 'क' यांनी वसतिगृहांचा अभ्यास केला."

तोच मजकूर असा हवा: "गळतीच्या प्रमाणाबाबत एकमत नाही. कारखान्याच्या तळावर मुलाखती घेणाऱ्या 'अ' यांना ती जास्त दिसते, तर गावातल्या शाळांच्या पटावरून काम करणाऱ्या 'ब' यांना कमी. तळावर फक्त बरोबर नेलेली मुले भेटतात आणि पटावर गेलेल्या मुलांचीही नावे राहतात, हे लक्षात घेतले तर दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. मागे ठेवलेली मुले हंगामात प्रत्यक्ष किती दिवस शाळेत जातात, हे दोघांनीही मोजलेले नाही. 'क' यांनी वसतिगृहातल्या मुलांची हजेरी नोंदवली आहे, पण आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांशी तिची तुलना केलेली नाही."

दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी संशोधनातील पोकळी आपोआप दिसते. अशी पोकळी परीक्षकाला मान्य होते. "माझ्या तालुक्यात हा अभ्यास झालेला नाही" ही पोकळी फार कच्ची आहे. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत. तुमच्या तालुक्यात असे काय वेगळे आहे ज्यामुळे उत्तर बदलू शकते, ते सांगता आले तरच तालुक्याचा मुद्दा टिकतो.

सगळ्यांना सारखी जागा देण्याचे बंधन नाही. कणा असलेल्या चार-पाच अभ्यासांना प्रत्येकी पान-दीड पान द्या, बाकीचे एका वाक्यात तिघे-चौघे येऊ देत.

संदर्भ, साधने आणि साम्याचा अहवाल

पहिल्या दिवसापासून झोटेरो वापरा. ते मोफत आहे. ब्राउझरमधल्या बटणाने लेखाची नोंद घेतली जाते आणि वर्डमध्ये संदर्भ घालता येतो. ३०० एमबीपर्यंतची ऑनलाइन जागा फुकट मिळते, म्हणून पीडीएफ संगणकावर ठेवून स्वतंत्र बॅकअप घ्या. मराठी पुस्तकांच्या नोंदी हाताने भराव्या लागतात. लेखकाच्या नावाचे एकच लेखन ठरवा, नाहीतर तोच माणूस सूचीत तीनदा येतो. मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या द्यायच्या की एकत्र, आणि कोणती शैली वापरायची, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत पाहून सुरुवातीलाच ठरवा.

प्रबंधातला मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो, हे साम्याच्या अहवालात सॉफ्टवेअर टक्क्यांत दाखवते. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही आणि साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द होते. शब्द बदलून टक्केवारी उतरवण्याच्या नादी लागू नका. इंग्रजीतून मराठीत आणलेला मजकूर सॉफ्टवेअरला सापडला नाही तरी संदर्भ न देता घेतला असेल तर ती चोरीच असते. दुसऱ्या कोणाच्या प्रबंधातले दुसरे प्रकरण समोर ठेवून आपले लिहिण्याची पद्धत तर पूर्ण टाळा. त्याच्या संदर्भांतल्या चुकाही तुमच्याकडे तशाच उतरतात, आणि त्या ओळखीच्या चुकांवरूनच नक्कल पकडली जाते.

एआय चॅटबॉटकडे संदर्भ मागू नका. खरे वाटणारे लेखक, खरी पत्रिका आणि अस्तित्वात नसलेला लेख असे मिश्रण ते सहज तयार करतात. कुठूनही आलेला संदर्भ असो, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून लेखाचे शीर्षक जुळते का ते पाहिल्याशिवाय सूचीत घेऊ नका. शोधशब्द सुचवून घ्यायला किंवा अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला ही साधने चालतील, पण तक्त्यातली ओळ मूळ लेख वाचूनच भरायची.

कधी थांबायचे

नवे लेख उघडल्यावर त्यांच्या सूचीतली बहुतेक नावे तुमच्या तक्त्यात आधीच असतील आणि सलग आठ-दहा लेखांनी नवा मुद्दा दिला नसेल, तर पहिली फेरी संपली. रोज दोन-तीन तास दिले तर याला दोन ते तीन महिने लागतात. त्यानंतर गुगल स्कॉलरवर तीन-चार मुख्य शोधांचे अलर्ट लावा, म्हणजे नवा लेख आला की ईमेल येतो. क्षेत्रकार्य संपल्यावर एकदा आणि प्रबंध जमा करण्याच्या महिनाभर आधी एकदा, जपून ठेवलेले शोधशब्द त्याच ठिकाणी पुन्हा टाका. मधल्या काळात तुमच्याच प्रश्नावर लेख आला असेल तर घाबरून तो लपवू नका. तो प्रकरणात घ्या, त्याने काय मोजले आणि तुम्ही काय मोजले ते शेजारी ठेवा. शेवटचा शोध कोणत्या तारखेला घेतला ती तारीख प्रकरणाच्या सुरुवातीला, शोधपद्धतीच्या परिच्छेदात लिहा.